बाजू बदलायची नाही

“आणि रात्री तुमच्याजवळ कोण असेल?” त्या नर्सनं फोनवर विचारलं, आणि मी सरळ सांगितलं, “मी असेन.” तिला वाटलं मी गंमत करतेय. ती हसली. मग तिनं लहान मुलाला समजवावं तसं समजावलं, की पूर्ण भूल दिलेल्या माणसाला एकटं घरी सोडत नाहीत, न्यायला मोठं माणूस यायला हवं आणि त्यानं रात्रभर घरात थांबायला हवं. टॅक्सी केली तर? टॅक्सीवाला चालत नाही. शेजारीण आहे, पण ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची, तिलाच रात्री उठवून बसवावं लागतं. “मग मागच्यासारखं पुढे ढकलावं लागेल, पॉलीन,” ती म्हणाली. मागच्या वेळी ढकललं तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, की ही गाठ वाटाण्याएवढी आहे तोवरच काढलेली बरी, साधी की वाईट ते काढल्यावरच कळणार. आता वाटाण्याला काय माहीत माझ्या घरी कोण आहे नि कोण नाही? मी म्हटलं, “ढकलू नका. माझा भाऊ येईल.” आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. भाऊ येईल! जणू तो वरच्या खोलीत मोजे शोधतोय.

हे सगळं आठवत मी आमच्या क्लबाच्या नव्या स्टेडियमच्या दाराशी उभी होते आणि दार मला आत घेत नव्हतं. पूर्वी आमच्या टॅनरी लेनच्या मैदानावर भिंतीला एक भोक होतं. भोकामागे वॉल्टर नावाचा म्हातारा बसायचा, आपण नाणी सरकवायची, तो पायानं खटका दाबायचा आणि लोखंडी फिरकी पोटाला ढोसत आपल्याला आत ढकलायची. आता फिरकी नाही, वॉल्टर नाही, भोकही नाही. काचेचा एक चौकोन, त्यावर तिकिटाचा कागद धरायचा, मग तो चौकोन हिरवा होतो म्हणे. माझा लाल होत होता. पुन्हा लाल. मागे ऑर्मवेलची माणसं, हिरवे मफलर, हिरव्या टोप्या, आणि त्यांच्यामध्ये मी, स्कार्थलीची, जन्मापासून स्कार्थलीची, राखाडी कोट घालून चोरासारखी. “उलटा धरलाय, बाई,” मागचा म्हणाला. सरळ धरला. हिरवा झाला. मला त्या हिरव्याचाही राग आला.

आता स्कार्थलीची बाई ऑर्मवेलच्या बाजूला का, तर तेही सांगते, कारण त्याशिवाय माझ्यासारखी वेडी दुसरी नाही असं वाटेल. आमचं फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचं नव्हे. आमचा मधल्या फळीतला खेळाडू दिवसा छपरं दुरुस्त करतो, आणि गोलकीपर शाळेत भूगोल शिकवतो. अशा मैदानांवर घरचे नि पाहुणे यांच्यात कुंपण नसतं. पहिल्या डावात आपला संघ ज्या गोलकडे चाल करतो त्या गोलमागे आपण उभं राहायचं. मध्यंतराची शिट्टी वाजली की संघ बाजू बदलतात, म्हणून आपणही बदलायची. चहाचा पेला हातात घेऊन सगळं गाव मैदानाच्या कडेनं त्या टोकाला निघतं, आणि समोरून पाहुणे या टोकाला येतात. टॅनरी लेनवर या वाटेत डॅडची रोलर ठेवायची शेड होती. डॅड तिथले माळी होते, रेघा मारायचे, रोलर ओढायचे, त्यांच्या हाताला बारा महिने चुन्याचा वास. त्या शेडपाशी वाट इतकी अरुंद की एकेकानंच जायचं. येणारा नि जाणारा खांद्याला खांदा घासून जाणार. तिथे वर्षातून एकदा, ऑर्मवेल आमच्याकडे आलं की, मला माझा भाऊ भेटायचा. आणि एकदा आम्ही त्यांच्याकडे गेलो की. तिथे शेड नाही, पण शौचालयाच्या बोळात तशीच अडचण आहे.

भेटायचा म्हणजे काय, जाता जाता एक वाक्य. तो म्हणायचा, “तुमचा गोलकीपर झोपलाय.” दर वर्षी हेच. गोलकीपर बदलला तरी हेच. मी म्हणायची, “तुमचा जागा आहे, त्याचं काय लोणचं घालायचंय?” आणि आम्ही पुढे. चालता चालता बोललं की ते बोलणं नसतंच मुळी. थांबलं तर बोलणं झालं असतं, आणि आम्ही तर बोलत नव्हतो. एकदा मात्र तो म्हणाला, “कोट नवा?” मी त्या टोकाला पोचून रेलिंगला टेकले, आणि सगळा दुसरा डाव माझ्या डोळ्यांपुढून गेला, मला कोण कुठे लाथा मारतंय ते दिसलं नाही. कोट नवा? हो, नवाच होता. त्या कोटावर मी सगळा हिवाळा काढला. हाच तो, आता बाह्या झिजल्यात.

आणि हे सगळं कशावरून, तर हॅमच्या सँडविचवरून. डॅडना पुरून आलो आणि क्लबाच्या खोलीत चहा ठेवला होता. मी सकाळपासून उभी. ब्रेड कापले, अंडी सोलली, पाद्रीबुवांना चहा दिला, कुणाच्या खांद्यावर मान ठेवायला सवड नव्हती. आणि हा, माझा सख्खा धाकटा भाऊ क्लाइव्ह, घड्याळाकडे बघतोय. ऑर्मवेलचा कपचा सामना होता. लग्न करून तो तिकडे राहायला गेला तो गेलाच, वर संघही बदलला. तेवढं आम्ही गिळलं होतं, डॅडसुद्धा म्हणाले होते की माणूस जिथे झोपतो त्या गावाचा होतो. पण त्या दिवशी? त्यानं सँडविच उचललं, कोट चढवला आणि दाराकडे निघाला. “डॅड असते तर तेही गेले असते,” म्हणाला. गेले असते, मला माहीत नाही का! पण डॅडनाच पुरून आलो होतो ना आपण? मी सगळ्यांसमोर म्हटलं, “अर्ध्यावर उठून चाललास? मग परत येऊ नकोस.” तो म्हणाला, “बरं.” आणि आला नाही. आता सांगा, एखादी बाई रागात काही बोलते, ते काय कोर्टाचा हुकूम म्हणून घ्यायचं? पण सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, आमच्या घराण्याचं हेच. त्याचा जात नाही नि माझाही नाही.

तर फोन करायचा, असं कुणीही शहाणा म्हणेल. फोन उचलते त्याची बायको मॅक्सीन, आणि मॅक्सीनला सांगितलं की पुढच्या अर्ध्या तासात ऑर्मवेलच्या न्हाव्यालाही माझी गाठ कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक. दाराशी जायचं? गेल्या आठवड्यात त्यासाठीच ऑर्मवेलला गेले तेव्हा बस त्याच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबली. मी उठलेसुद्धा. मग बसले. दाराशी जाणं म्हणजे हात जोडणं. मी म्हटलं, नको, मंगळवारी आपला सामना आहेच, गुरुवारी ऑपरेशन, देवानंच जुळवलंय. मध्यंतरात बाजू बदलताना सांगू, जाता जाता, एकच वाक्य. “गुरुवारी हॉस्पिटलातून मला न्यायला ये.” जाता जाता सांगितलं तर तोही जाता जाता “बरं” म्हणू शकेल. त्याला थांबावं लागणार नाही, मला बघावं लागणार नाही. किती सोपं. आणि तेवढ्यात क्लबानं जाहीर केलं, की नव्या स्टेडियममध्ये या सामन्याला घरच्यांची बाजू वेगळी, पाहुण्यांची वेगळी, जाळीचं दार बंद, बाजू बदलायची नाही. कारण काय, तर सुरक्षा. कुणापासून सुरक्षा? भूगोलाच्या मास्तरापासून?

म्हणून मग हा शहाणपणा. तो इकडे येऊ शकत नाही ना, मग मीच तिकडे जाते. ऑर्मवेलच्या क्लबाच्या दुकानात जाऊन पाहुण्यांच्या बाजूचं तिकीट घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “हिरवी टोपी देऊ?” मी म्हटलं, “हिरव्यानं माझं डोकं खाजतं.” खोटं नाही ते.

आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं मी चुकून दंतवैद्याकडे आले. सगळं पांढरं, सगळं पुसलेलं. जिन्यांना नंबर, रांगांना अक्षरं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बसा म्हणे! चाळीस वर्षं उभ्यानं पाहिलं, गुडघे गेले त्यात, आणि आता गुडघे गेल्यावर खुर्ची देतात. खाली मैदान. मैदान कसलं, सतरंजी. एका खिडक्या विकणाऱ्या कंपनीचं नाव सगळीकडे आणि मधोमध ते प्लॅस्टिकचं गवत, दिव्याखाली असं चकाकत होतं की डोळे मिटावेसे वाटले. त्या रेघाही रंगवलेल्या नव्हत्या, विणलेल्याच होत्या. म्हणजे आता कुणी सकाळी उठून दोरी ताणून रेघ मारणार नाही, कुणाची रेघ वाकडी जाणार नाही. डॅडची एकदा गेली होती, पेनल्टीच्या चौकोनाची, सर्दी झाली होती त्यांना. त्या वाकड्या रेघेवरून पंच आणि दोन्ही कप्तान यांचं जे भांडण जुंपलं, ते डॅडनी शेडच्या दारातून नाकाला रुमाल लावून पाहिलं आणि शेवटपर्यंत कबूल केलं नाही. टॅनरी लेन विकलं, तिथे सुपरमार्केट झालं. गोलच्या तोंडाशी आता मांजरांचं खाणं ठेवतात. मी तिथेच घेते, दुसरीकडे महाग पडतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक जाडा गृहस्थ होता, रेग त्याचं नाव, ते त्यानं बसता बसताच सांगून टाकलं, आणि दोन मिनिटांत पोर्क पायचा, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या कचोरीचा, अर्धा भाग माझ्यापुढे धरला. “घ्या, घ्या. इथलं काही खाऊ नका. ह्या स्कार्थलीवाल्यांनी इतका पैसा ओतला आणि चहा बघा, मेंढ्या धुतलेलं पाणी.” मी म्हटलं, “आमचा चहा तसा काही वाईट…” आणि जीभ चावली. “आमच्याकडचा म्हणायचंय मला. ऑर्मवेलचा.” “ऑर्मवेलचा तर फर्स्ट क्लास,” तो म्हणाला. मूग गिळून तो पाय खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला. सामना सुरू झाला. पंचवीस मिनिटं माझ्या संघाला माझ्या तोंडावर शिव्या चालल्या होत्या आणि मी मान हलवत होते. आमच्या डाव्या बाजूच्या पोराला ते “वेटर” म्हणत होते, कारण तो नुसता बाजूला उभा राहतो. उभा राहतो खरा, मीही दर शनिवारी त्याला तेच म्हणते. पण मी म्हणणं वेगळं.

माझं लक्ष सामन्यावर नव्हतंच. मी रांगेरांगेनं डोकी बघत होते. क्लाइव्हचं डोकं मला मागून ओळखू येतं. लहानपणी ते मीच धुवायची, आई रात्रपाळीला असायची, आणि साबण डोळ्यांत गेला की तो ओरडायचा नाही, हात फिरवून माझा कान पकडून ठेवायचा, जणू काही माझा कान धरला की साबण थांबेल. उजवीकडे त्याला एक भोवरा आहे, केस कसेही बसवा, तिथे उभेच. आता केस राहिलेत की नाही देव जाणे, दर वर्षी टोपी असते. टोप्या शंभर होत्या. एकही त्याची नव्हती. मी पुढच्या रांगा पाहिल्या, मागच्या पाहिल्या, लघवीचं निमित्त करून दोनदा जिना चढले. शेवटी न राहवून रेगला विचारलं, अगदी सहज, “तो गाड्या दुरुस्त करणारा… क्लाइव्ह, तो नाही दिसत?”

“क्लाइव्ह!” रेगनं पायचे तुकडे मिशीतून झटकले. “नाही आला हो. कमाल आहे. स्कार्थलीचा सामना त्यानं कधी चुकवला नाही. दुसरे चुकवतो, हा नाही. बायको म्हणे कुठे गेला माहीत नाही. तुम्ही ओळखता?”

“ओझरतं,” मी म्हटलं.

मला काय वाटलं ते कसं सांगू. आधी काहीच वाटलं नाही, आणि मग एकदम असं वाटलं की पायातले बूट काढून त्या सतरंजीवर भिरकावून द्यावेत. इतकी वर्षं न चुकता आला, थंडीत आला, बर्फात आला, एकदा पाय प्लास्टरमध्ये घालून कुबड्या घेऊन आला आणि त्या अरुंद वाटेत सगळ्या गावाची रांग अडवून लंगडता लंगडता म्हणाला, तुमचा गोलकीपर झोपलाय. आणि आज, माझ्या एका मंगळवारी, ह्याला यायचं नाही! खोटं बोलून तिकीट काढलं, शत्रूचा पाय खाल्ला, स्वतःच्या पोरांना वेटर म्हणताना मान डोलावली, कशासाठी? मला रागाखाली आणखी काहीतरी जाणवत होतं, आणि मी ते वर येऊ देत नव्हते, कारण ते वर आलं असतं तर त्याचं नाव भीती होतं. गाठीची नव्हे. गाठीचं डॉक्टर बघतील. रात्रीची. गुरुवारच्या रात्री मी भूल उतरता उतरता संडासाला जाणार, भिंत धरून, आणि दाराबाहेर “पडशील, सांभाळ” म्हणणारं कुणी नसणार. माणसं आहेत मला, शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही सहाजणी आहोत, जीव लावतात. पण त्यांना उलटी पुसायला कसं सांगायचं? ते ज्यानं आपला कान धरलाय त्यालाच सांगता येतं.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि माझे पाय उठले. मी उठवले नाहीत, ते आपणहून उठले. खाली उतरून डावीकडे वळले, कोपऱ्यापर्यंत आले, आणि तिथे ते जाळीचं दार. पिवळं जाकीट घातलेली एक बाई पाठ लावून उभी. आणि गंमत बघा, मी एकटी नव्हते. जाळीच्या अलीकडे तीसचाळीस हिरव्या टोप्या आणि पलीकडे आमची तितकीच तांबडी, सगळ्यांच्या हातात पेले, सगळे येऊन थांबलेले, कुणालाच आपण का आलो ते माहीत नाही. गुरं गोठ्याच्या जुन्या दाराशी येऊन उभी राहतात तशी. “बाजू बदलायची नाही,” ती पिवळी बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. “जागेवर जा. बाजू बदलायची नाही.” “आम्हाला माहितीये,” कुणीतरी म्हणालं, “आम्ही नुसते आलोय.” मी जाळीतून पलीकडे आमच्या लोकांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्यांनी मला ओळखू नये म्हणून मी मान खाली घातली. मग सगळ्यांनी चहा तिथेच संपवला आणि आलो तसे मागे फिरलो.

दुसऱ्या डावात मी ठरवलं होतं, गप्प बसायचं, संपलं की बस पकडायची, नर्सला फोन करायचा, ढकला म्हणायचं. खरोखर ठरवलं होतं. आणि तेवढ्यात तो वेटर, तो आयुष्यभर बाजूला उभा राहणारा पोरगा, कुणाचा तरी चुकलेला चेंडू घेऊन सरळ आम्ही बसलो होतो त्या टोकाकडे धावत सुटला. एकाला चुकवलं, दुसरा आपणच घसरून पडला, आणि गोलकीपर पुढे यावं की नाही या विचारात असताना ह्यानं असा तिरका मारला की जाळी माझ्या नाकासमोर फुगली. सगळी हिरवी बाजू मसणात बसल्यासारखी गप्प. आणि त्या शांततेत एकच आवाज, “जा पोरा! जा!” दोन्ही हात वर, पेला कुठे उडाला कळलं नाही, रेगच्या मांडीवर उडाला. तो आवाज माझा होता. मी उभी होते. पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती.

“अगं बाई,” रेग मांडी झटकत म्हणाला. त्याला राग आला नव्हता, धक्का बसला होता. “आणि मी तुम्हाला पाय दिला.”

“चांगला होता पाय,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती पिवळ्या जाकिटातली बाई वर आली. मला वाटलं माझं वय बघून सोडेल. “चला, आजी,” म्हणाली. आजी! “नियम आहे. पाहुण्यांच्या बाजूला घरचा जल्लोष चालत नाही, तुमच्याच सुरक्षेसाठी.” मी म्हटलं, “मला घरच्यांच्या बाजूला सोडा मग.” “तिकडचं तिकीट आहे?” नव्हतं. सामना चालू असताना बाहेर जायला एकच दार उघडतात, ऑफिसच्या बाजूचं, तिथून तिनं मला मोटारी लावायच्या मैदानात आणून सोडलं आणि दार लावून घेतलं. स्वतःच्या क्लबानं, स्वतःच्या गोलसाठी ओरडले म्हणून, स्वतःच्या स्टेडियममधून हाकललं. डॅडच्या लेकीला. तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती धुपाटणंसुद्धा नाही, ते रेगच्या मांडीवर सांडलेलं.

क्लबाची बस सामना संपल्याखेरीज सुटत नाही. ड्रायव्हर बसमध्ये दार लावून घोरत होता. हायवेवरून ट्रक जात होते. वारा सुटला होता आणि या नव्या जागेला वारा अडवायला काहीच नाही, टॅनरीची भिंत नाही, शेड नाही, झाड म्हणावं तर काठीला बांधलेली रोपं. मी कोटाची बटणं लावली आणि भिंतीच्या आडोशाला उभी राहून ते वाक्य स्वतःशीच म्हटलं. गुरुवारी हॉस्पिटलातून मला न्यायला ये. कुणाला सांगतेय मी? मोटारींना? आत ढोल वाजत होता. आत कुणीतरी गायला लागलं. मी मनात म्हटलं, पॉलीन, एवढ्या वर्षांचा हट्ट केलास ना, आता पुरवून खा. आणि मग आत एक ओरडा झाला. मोठा, पण पलीकडच्या टोकाचा, हिरवा ओरडा. बरोबरी झाली. झालीच ती, आमचा गोलकीपर झोपला असणार.

थोड्या वेळानं ऑफिसच्या बाजूचं दार पुन्हा उघडलं. एक दांडगा पिवळा जाकीटवाला कुणाला तरी दंडाला धरून बाहेर आणत होता, आणि तो माणूस म्हणत होता, “सोड रे बाबा, चालता येतं मला. पाय माझेच आहेत.” दार लागलं. त्या माणसानं कोट खाली ओढला. डोक्यावर आमची, स्कार्थलीची तांबडी लोकरी टोपी, अगदी नवी, तिची कागदी पट्टी कानाशी लोंबत होती. त्यानं टोपी काढून रागानं खिशात कोंबली. मागे, उजवीकडे, भोवरा. पांढरा झाला होता, पण उभा होता.

मी एकदम पुढे आले. तो दचकला.

“तू?” क्लाइव्ह म्हणाला.

“तू आमच्या बाजूला काय करत होतास?”

“बसलो होतो. मग आमचा गोल झाला.” त्यानं खांदे उडवले. “तोंडातून गेलं. आणि तू? तू कुठे दिसली नाहीस. सगळ्या रांगा पाहिल्या मी, दोनदा. म्हटलं पॉलीन नाही असं होणार नाही.”

“मी तुमच्या बाजूला होते, गाढवा!”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. थांबून. एवढ्या वर्षांत मी त्याला थांबलेला पाहिला नव्हता. म्हातारा झाला होता. डोळ्यांखाली डॅडच्या पिशव्या आल्या होत्या. मला वाटलं, ह्यालाही काहीतरी झालंय, नक्की झालंय, मॅक्सीनला काही, पोरीला काही, नाहीतर माणूस शत्रूची टोपी विकत घेऊन शत्रूत जाऊन कशाला बसेल? “काय झालंय?” मी म्हटलं. “काय सांगायचं होतं तुला?”

त्यानं बुटांकडे पाहिलं. लहानपणी काही फोडून आला की असंच बघायचा.

“काही नाही,” म्हणाला.

“काही नाही म्हणजे? काही नाही म्हणून एवढं केलंस?”

“अगं, तुमचा गोलकीपर झोपलाय,” तो चिडून म्हणाला. “एवढंच. दर वर्षी सांगतो ना? यंदा बाजू बदलायची नाही म्हणाले, मग सांगणार कसं?”

मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. खरंच वाटली. मला रडू आलं, आणि ते आलं याचा इतका संताप आला की ते वाक्य, इतकं घासूनपुसून ठेवलेलं, तसं बाहेर आलंच नाही. “गुरुवारी माझं ऑपरेशन आहे,” मी जवळजवळ ओरडलेच. “गाठ आहे. कुणीतरी न्यायला लागतं. टॅक्सीवाला चालत नाही म्हणतात, त्यांना माणूस पाहिजे, आणि मला दुसरं कुणी… मी सांगितलंय त्यांना भाऊ येईल. आता नाही म्हणालास तर बघ.”

क्लाइव्हनं हात वर केला, आणि मला वाटलं डोळे पुसणार, पण त्यानं खिशातली टोपी काढली, तिची लोंबणारी पट्टी तोडली आणि टोपी माझ्या डोक्यावर घातली, कानांवरून खाली ओढून. “कान गार पडलेत तुझे,” म्हणाला. मग म्हणाला, “किती वाजता?”

“सकाळी सातला पोचायचं.”

“सातला!”

“मी नाही ठरवलं. आणि रात्रभर राहावं लागेल, क्लाइव्ह. अर्ध्यावर उठून जायचं नाही.”

त्याला लागलं ते. लागू दे. त्यानं एकदा त्या लावलेल्या दाराकडे पाहिलं.

“नाही जाणार,” म्हणाला. आणि मग, “डॅडचाच सोफा आहे अजून? मधे खड्डा पडलेला?”

“तोच आहे.”

“माझी पाठ मोडेल.”

“मोडू दे.”

आत पुन्हा ओरडा झाला, यावेळी आणखी मोठा. टॅनरी लेनवर मला घरात बसूनसुद्धा ओरड्यावरून कळायचं की कुणाचा गोल. इथे मघाचा कळला, पण हा त्या मेल्या छपरानं सगळा कालवून टाकला. आम्ही दोघांनी माना वर केल्या. “कुणी मारला?” क्लाइव्ह म्हणाला. “मला काय माहीत,” मी म्हटलं. दार बंदच होतं. तो म्हणाला, गाडी त्या टोकाला आहे, घरी सोडतो, सोफा एकदा बघून घेतो. आम्ही निघालो. रांगेनं लावलेल्या मोटारी आणि भिंत यांच्यामध्ये वाट अरुंद होती, एकामागून एक गेलो असतो तर नीट गेलो असतो, पण दोघंही शेजारीशेजारीच घुसलो, आणि दर दोन पावलांना त्याचा खांदा माझ्या खांद्यावर आपटत होता.

“सरक की जरा,” मी म्हटलं.

तो सरकला नाही.